बेळगावहून लॅपटॉप पाठवताय? आधी हे बघा

चार्जर लॅपटॉपवर ठेवू नका. नवखे हमखास तेच करतात, आणि त्याच्या दाबानं स्क्रीन तडकते. तो वेगळा गुंडाळून कडेला बसवा.

लॅपटॉप स्लीपवर नको, पूर्ण बंद करा. बबल रॅपचे तीन-चार वेढे द्या. खोक्यात चहूबाजूंनी 5 सेंमी भरण हवं. चुरगाळलेली ‘तरुण भारत’ची रद्दी चालते. खोका हलवा. आत खडखडलं तर पुन्हा भरा.

अवाढव्य खोका घेऊ नका. लांबी × रुंदी × उंची (सेंमी) भागिले 5000 हे कुरिअरवाले पैसे लावताना वजन धरतात: 45×35×15 म्हणजे 4.7 किलो, लॅपटॉप दोनच किलोचा असला तरी!

बॅटरी फुगली असेल तर पाठवूच नका. बाकी, विमा काढा.