उताराच्या शेतात मक्याबरोबर सुबाभूळ

प्रश्न : आमची दोन एकर जमीन डोंगरउतारावर आहे. खरिपात मका घेतो; पण मोठ्या पावसात माती ओहोळात जाते आणि वरच्या अंगाला आता मुरूम उघडा पडला आहे. मक्यात सुबाभळीच्या ओळी लावाव्यात, असे एका परिचितांनी सुचवले. सावलीने मका मार खाणार नाही का?
– एक वाचक, पाटण (जि. सातारा)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, परंतु या पद्धतीत सुबाभळीला झाड होऊ द्यायचेच नसते. फिलिपाइन्समधील मिंदानाव बेटावर, बान्सालानजवळच्या एका ग्रामीण केंद्रात १९७० च्या दशकात ही पद्धत आकाराला आली. तेथील डोंगरी शेतकरीही उतारावर मकाच घेत आणि त्यांचीही माती अशीच वाहून जाई. केंद्राचे हॅरल्ड वॉटसन यांना १९८५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेथे जिला इपिल-इपिल म्हणतात, ती आपली सुबाभूळच.

उताराला आडव्या, समपातळीतल्या रेषेवर अर्ध्या मीटरच्या अंतराने दोन ओळी दाट पेरायच्या आणि अशी पुढची जोडओळ चार-पाच मीटर सोडून घ्यायची. रेषा नजरेने आखू नये. सारख्या लांबीचे दोन बांबू वर बांधून खाली फाकवावेत, मध्ये आडवी काठी बांधावी आणि शेंड्यापासून दगडाचा ओळंबा सोडावा. दोन खुंट्यांवर चौकट ठेवून दोरी आडव्या काठीला जेथे लागते तेथे खूण करावी, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करावी. या दोहोंच्या मधोमध दोरी आली, की दोन्ही पाय एका पातळीत आहेत असे समजावे.

रोपे पुरुषभर उंच झाली, की कमरेखाली छाटावीत आणि मका उभा असताना पुन्हा वाढू देऊ नयेत. कोवळा पाला मक्याच्या बुडाशी पसरावा. तो लवकर कुजतो आणि पिकाला नत्र देतो. जाड फांद्या ओळीच्या वरच्या अंगाला टाकाव्यात, म्हणजे वाहून येणारी माती तेथे अडते आणि काही वर्षांत आपोआप पायऱ्या पडू लागतात. माझ्या मते पाल्याच्या खतापेक्षा ही अडलेली मातीच खरी कमाई आहे.

तोटेही ध्यानात घ्यावेत. ओळी आणि त्यांच्या कडा धरून सुमारे पाचवा हिस्सा जागा जाते. मुळांच्या ओढीमुळे ओळीलगतचे मक्याचे तास बहुधा खुरटते. आणि छाटणी नेमकी खुरपणीच्या गर्दीत येते. घरात मनुष्यबळ नसेल, तर थोड्या ओळींपासून सुरुवात करावी, पण ती वरच्या अंगाकडून.

निव्वळ सुबाभळीवर विसंबू नये. १९८० च्या दशकाच्या मध्यावर सायला किडीने फिलिपाइन्समधील इपिल-इपिलची दाणादाण उडवली आणि त्यानंतर तेथे गिरिपुष्पासारख्या इतर जातीही मिसळून लावण्यावर भर आला. आपणही काही ओळी गिरिपुष्पाच्या घ्याव्यात. सुबाभळीच्या शेंगा पिकू देऊ नयेत, नाहीतर बी शेतभर पसरून तीच तण होते. पाला गाईम्हशींना चालतो, मात्र एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाहून अधिक नको. घोड्याला आणि कोंबड्यांना तो बाधतो.

पहिल्या वर्षी मक्याचे उत्पन्न वाढेल अशी अपेक्षा ठेवू नये. त्या वर्षी शेत मोकळे झाल्यावर चरायला सुटणाऱ्या शेळ्यांपासून रोपे राखली, तरी पुष्कळ.