जांभया देणाऱ्यांचंपण ऐकून घे

प्रिय मर्दा,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. "लोकांना काय कळत नाही, परत असलं काही लावणार नाही" असं लिहिलंयस. राग समजतो रे, एवढी धडपड करून सोकुरोवचा 'रशियन आर्क', एकही कट न करता सलग एका टेकमध्ये घेतलेला रशियन सिनेमा, लावलास, खुर्च्यासुद्धा स्वतः मांडल्यास आणि माणसं मधूनच उठून चहाला गेली म्हटल्यावर वाईट वाटणारच. पण मी सगळ्यात मागं बसलो होतो, सिनेमा आधी बघितलेला होता त्यामुळं बराच वेळ माणसंच बघत होतो, आणि मला जे दिसलं ते तुझ्या मेसेजमध्ये कुठंच नाही. म्हणून हे लांबलचक लिहितोय, निवांत वाच.

आधी ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांचं बघू. शो संपल्यावर चार-पाच पोरं तुझ्याभोवती गोळा झाली आणि तू त्यांना सगळं सांगत होतास, की २३ डिसेंबर २००१ ला सेंट पीटर्सबर्गचं हर्मिटाज म्युझियम बंद ठेवून शूटिंग केलं, ३३ दालनं, २००० च्या आसपास माणसं, तीन ऑर्केस्ट्रा, कॅमेरामन टिलमान ब्यूटनरनं दीड तासावर स्टेडीकॅम, म्हणजे अंगाला बांधायचा आणि हिसके न बसणारा कॅमेरा, वागवला, फिल्मचं रीळ किंवा टेप एवढा वेळ पुरत नाही म्हणून डायरेक्ट हार्ड डिस्कवर रेकॉर्ड केलं, पहिले तीन टेक सुरुवातीलाच मोडले आणि उरलेल्या बॅटरीवर चौथा टेक पार पडला. सगळं बरोबर आहे, आणि ऐकताना आजसुद्धा छातीत धडधडतं. पण त्या पोरांपैकी एकानंतरी विचारलं का, की शेवटच्या नाचानंतर एवढी माणसं जिना उतरतात तेव्हा एवढं भरून का येतं? सिनेमा बघून माणूस फक्त कॅमेऱ्याबद्दल बोलत बाहेर पडला तर माझ्या मते तो सिनेमा त्याच्यापर्यंत अर्धाच पोचला, भले त्यानं कितीही टाळ्या वाजवू देत.

आणि हे कशामुळं झालं ते सांगू? सुरू व्हायच्या आधी माईक घेऊन तू पहिलंच वाक्य टाकलंस, "या फिल्ममध्ये एकही कट नाही." झालं, तिथनं पुढं निम्मं थिएटर कट शोधत बसलं. माझ्या शेजारचा पोरगा दोस्ताला कोपरानं ढोसत होता, "इथं खांबाआड कापलंय बघ", "इथं अंधार केलाय बघ". ९६ मिनिटं तो बिचारा चोर पकडत बसला, त्यात त्याची काहीएक चूक नाही, बघायचं काय ते तूच त्याला सांगितलं होतंस. पुढच्या वेळी कटचं शो संपल्यावर बोल.

आधी काय सांगायचं मग? मी असतो तर एवढंच सांगितलं असतं की हे म्युझियम म्हणजे झारांचा हिवाळी राजवाडा, इथं पीटरपासून शेवटच्या निकोलसपर्यंतचा काळ दालनादालनातून आपल्याला भेटणार आहे, पण तारखेवारी नाही, पुढंमागं. काळ्या कपड्यातला जो वाकडं बोलत फिरतो तो फ्रेंच उमराव मार्क्वी द क्युस्तीन, तो १८३९ मध्ये खरंच रशियात फिरून आला होता आणि त्यानं त्या देशावर बरंच कडवट पुस्तक लिहिलं. आणि ज्याचा आवाज ऐकू येतो पण माणूस दिसत नाही तो कॅमेराच आहे, आवाज खुद्द दिग्दर्शक सोकुरोवचा. माझ्या पुढच्या रांगेत दोघं जण पहिली वीस मिनिटं "बोलतंय कोण ते?" एवढंच एकमेकांना विचारत होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवटचा तो नाच १९१३ चा आहे. रशियन माणूस तो नाच बघतो तेव्हा त्याला माहीत असतं की पुढच्याच वर्षी महायुद्ध आहे, १९१७ ला झारशाही गेली, १९१८ ला झार निकोलसला बायकापोरांसकट गोळ्या घातल्या. सिनेमात मघाशी टेबलाभोवती बसलेली ती झारची पोरं, तीच. ऑर्केस्ट्रा रशियन संगीतकार ग्लिंकाचा माझुर्का, नाचाची धून, वाजवतोय, ऑफिसर पोरं हसतायत, आणि बघणाऱ्याच्या घशात आवंढा, कारण यातलं कोण वाचणार नाही हे त्याला ठाऊक आहे. पडद्यावर यातलं एक अक्षर लिहिलेलं नाही. ते बघणाऱ्यानं घरनं आणायचं असतं. आपल्या माणसानं ते कुठनं आणायचं? त्याला झगमगीत कपडे दिसले आणि मोठा नाच दिसला, त्यानं तेवढंच सांगितलं.

हेच तू पन्हाळ्याचं कर. पावसातली रात्र, एक पालखी, धावणारी माणसं, एवढं दाखव आणि डायलॉग एकही नको. कोल्हापुरातलं सहावीतलं पोरगंपण ओळखेल, हातावर काटा येईल त्याच्या, कारण १६६० ची ती रात्र, शिवा काशीद, बाजीप्रभू हे सगळं त्याच्या आत आधीच बसलंय. तोच सीन पीटर्सबर्गच्या माणसाला दाखवलास तर तो भला माणूस विचारेल की हे एवढ्या पावसात पळतायत कशाला. तो मठ्ठ ठरत नाही ना? मग आपली माणसंपण ठरत नाहीत. त्यात सबटायटल इंग्लिश. या सिनेमात डोळा मोकळा पाहिजे, कोपऱ्यात कोण कुजबुजतंय, मागनं कोण गेलं ते टिपायला, आणि आपल्या माणसाचा डोळा सगळा वेळ खालच्या ओळीवर अडकलेला, तोपण सरावाच्या नसलेल्या भाषेत. थकला तो. एक पान मराठीत छापून दारात वाटलं असतंस तर निम्मी चुळबुळ कमी झाली असती असं मला मनापासून वाटतं.

आता कंटाळलेल्यांचं. हे माझ्या दृष्टीनं सगळ्यात कामाचे लोक आहेत. मोबाईल कधी बाहेर निघत होते ते मी बघत होतो, आणि ते वाट्टेल तेव्हा निघत नव्हते, फक्त एका दालनातनं दुसऱ्या दालनात जाताना, रिकाम्या कॉरिडॉरमध्ये, जिन्यावर निघत होते. नेहमीच्या सिनेमात ती चाल कापली जाते, दार उघडलं की माणूस थेट आत. कट म्हणजे बघणाऱ्याला केलेली मदतपण असते, आता इकडं बघ, हे महत्त्वाचं, हे सोड. हिचकॉकनं १९४८ मध्ये 'रोप' हा सिनेमा सलग वाटावा असा केला तेव्हा रीळ दहा मिनिटांच्या आसपास संपायचं म्हणून त्याला जोड लपवावे लागले, पण त्याच्याकडं एकच खोली होती आणि पेटीत एक प्रेत होतं, त्यामुळं बघणाऱ्याला कुठं बघायचं ते पक्कं ठाऊक. सोकुरोवनं ती मदतच काढून घेतली. खासबागेत दोन पैलवान एकमेकांत अडकून बराच वेळ हलत नाहीत तेव्हा जाणता माणूस श्वास रोखून बसतो, कारण पट निघतोय का ढाक लागतीय हे त्याला दिसत असतं, आणि पहिल्यांदा आलेला पाहुणा म्हणतो काहीच होईना की. दोघांसमोर कुस्ती एकच. तेव्हा लांब टेक लावायचा असेल तर या रिकाम्या चालीत बघणारा कशाची वाट बघतोय हे तुला माहीत पाहिजे. तो कशाचीच वाट बघत नसेल तर तो मोबाईल काढणार, आणि त्याचा तो हक्कच आहे.

पण नुसत्या माहितीनंच सगळं होतं असंही समजू नको. पुढं बसलेल्या त्या काकू आठवतात? हिरवी साडी. त्यांना रशियाचं काडीचं माहीत नव्हतं, त्यांनीच मला सांगितलं. पण आवाज "तिकडं नको" म्हणतो आणि तो क्युस्तीन ऐकत नाही, दार उघडतो, आत थंडगार खोली, रिकाम्या चौकटी आणि एक माणूस स्वतःचीच शवपेटी करत बसलेला, तिथं त्या काकूंनी पदर तोंडाला लावला. बाहेर आल्यावर मला विचारलं, "चौकटी रिकाम्या का होत्या हो?" मी सांगितलं की दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी शहराला वेढा घातला, १९४१ ते १९४४, चित्रं आधीच लांब उरलकडं हलवली होती आणि चौकटी तेवढ्या भिंतीवर ठेवल्या, शहरात लाखो माणसं उपासमारीनं आणि थंडीनं गेली. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांना त्या खोलीत कळायचं ते आधीच कळलं होतं, मी फक्त साल सांगितलं. असं का झालं याचा नीट विचार कर. दार उघडायच्या आधी "नको" आलं. त्या एका शब्दानं सगळ्यांचा डोळा एका जागी आणला, कट न करता. तुझ्या मेसेजमध्ये या काकू नाहीत, कारण तू त्या चार पोरांत अडकला होतास.

आणि अजून एकजण, चष्म्यातली ती मुलगी, जिचा तुला राग आला. तिनं विचारलं, "यात राबणारी माणसं कुठं आहेत? राजवाडा एवढा झाडायचं कोण?" तुला तो प्रश्न आगाऊ वाटला. मला नाही वाटला. हा सिनेमा क्रांतीवरनं जवळजवळ उडी मारून जातो, झारांच्या काळाबद्दल त्याला फार माया आहे, हा आक्षेप जगभर घेतला गेलाय आणि त्यात दम आहे. कॅमेरा कुठंही थांबू शकतो असं आपण म्हणतो, मग तो कुणासाठी थांबला नाही हे बघायलाच पाहिजे. शाहू महाराजांच्या गावात हा प्रश्न कुणी विचारला नसता तर मला काळजी वाटली असती.

आणि हे तुला एवढं कळकळीनं सांगायचं कारण तुझी ती शॉर्टफिल्म. गंगाराम कांबळ्यांच्या चहाच्या दुकानाची गोष्ट तू एका टेकमध्ये करणार म्हणतोयस. गोष्ट जबरदस्त आहे, आणि मला वाटतं एका टेकला ती खरंच लायक आहे, कारण त्यात वाट बघणं आहे. दलित माणसानं भाऊसिंगजी रोडला दुकान काढलंय, वरच्या जातीतलं कुणी फिरकत नाही, आणि शाहू महाराजांची गाडी दारात थांबते. कप भरल्यापासून ओठाला लागेपर्यंतचा वेळ कापायचा नाही, तो पूर्ण बघणाऱ्याच्या अंगावर जाऊ दे. महाराज चहा पितात हे कोल्हापुरात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळं कॅमेरा कपावर ठेवून तुला काही मिळणार नाही. सोबत आलेल्या मंडळींकडं बघ, ज्यांना आता तोच चहा प्यायचाय. आणि गंगारामांच्या हाताकडं. राबणारा माणूस तुझ्या सिनेमात मधोमध उभा आहे, त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडं आधीच आहे आणि तू तिच्यावर चिडलास.

अजून एक, लाईव्ह आवाजाचा हट्ट सोड. सोकुरोवनंपण आवाज नंतर बसवला आणि चित्रावरसुद्धा कॉम्प्युटरवर बरंच काम केलं. एक टेक म्हणजे काही सोवळं नाही. भाऊसिंगजी रोडला वडापच्या गाड्यांचे हॉर्न थांबवायला कोण येणार आहे?

स्क्रिप्ट दुरुस्त करून पाठव. डायलॉगच्या शेजारी कॅमेरा त्या क्षणी कुठं आहे आणि बघणारा कशाची वाट बघतोय, दोन्ही लिही, जिथं दुसरं लिहिता येईना तिथं खूण कर, तेवढ्याच जागांवर आपण बसू. आणि रिहर्सल असेल तेव्हा त्या काकूंना आणि त्या मुलीला बोलाव, ती चार पोरं बोलावली नाहीस तरी ती येणारच आहेत.

तुझा,
मागच्या रांगेतला काका