शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा मराठीच लिहावी

मुलाला किंडरगार्टनमध्ये घालताना शाळा घरच्या भाषेचा फॉर्म देते. त्यावर ‘मराठी’ लिहिले तर मुलाची रवानगी ईएसएलच्या, म्हणजे इंग्रजी कमी येणाऱ्या मुलांना ती शिकवण्याच्या वर्गात होईल, म्हणून ‘इंग्रजी’ लिहून मोकळे व्हावे का, असे अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एका आईने विचारले आहे. ओळखीचे पालक बहुधा तोच सल्ला देतात. माझे मत नेमके उलट आहे.

हा फॉर्म म्हणजे मुलाची परीक्षा नव्हे; कोणाचे इंग्रजी तपासायचे, एवढेच त्यावरून ठरते. मूल पहिल्यांदा कोणत्या भाषेत बोलू लागले, घरात कोणती भाषा चालते, अशा प्रश्नांना इंग्रजीखेरीज दुसरे उत्तर आले आणि शाळेला गरज वाटली, तर चाचणी होते. न्यू जर्सीत विडा नावाची, कॅलिफोर्नियात एल्पॅक नावाची. इंग्रजी पुरेसे ठरले तर मूल नेहमीच्याच वर्गात बसते. पुरेसे नसेल तर मदत हा त्याचा हक्क आहे, कारण सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी मुलांसाठी लढल्या गेलेल्या लाउ विरुद्ध निकोल्स खटल्याच्या 1974 सालच्या निकालापासून शाळांना ही जबाबदारी झटकता येत नाही. ती सेवा नको असेल तर पालक तसे लेखी कळवू शकतात.

आजीच्या हाताखाली वाढलेले पाच वर्षांचे मूल वर्गात बहुधा गप्प असते. बाईंनी रांग करायला सांगितले की ते शेजारच्या मुलाकडे पाहून उठते, त्याच्यामागे उभे राहते आणि सूचना त्याला समजली असेच सर्वांना वाटते. गोष्ट वाचून झाल्यावर प्रश्न आला, की मात्र ते खाली पाहू लागते. फॉर्मवर ‘इंग्रजी’ असेल तर बाई त्याला बुजरे किंवा मंद समजण्याची भीती असते, आणि हे मला फार गंभीर वाटते.

जनगणना विभागाच्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचा फॉर्म दरवर्षी सुमारे 35 लाख पत्त्यांवर जातो. त्यातही पाच वर्षे व त्यावरील प्रत्येकाची घरची भाषा आणि इंग्रजी किती चांगले येते, हे वेगवेगळे विचारलेले असते. अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्यानेही तिथे निःसंकोच मराठी लिहावे. कार्यालयातल्या माणसाला मराठी ठाऊक नसेल म्हणून ‘हिंदी’ लिहिण्याची सवय मात्र सोडावी. सविस्तर तक्त्यांत गुजराती, तेलुगू, तमिळ यांना स्वतंत्र रकाना असताना मराठी नेपाळी व इतर भारतीय भाषांबरोबर एकत्र मोजली जाते, त्यात आपणच आपला आकडा घटवू नये. सोबत राहणाऱ्या सासूबाईंना दवाखान्यात दुभाषी लागत असेल, तर त्यांच्यापुढे ‘फार चांगले’ या पर्यायावर खूण करू नये. त्याखालच्या प्रत्येक उत्तराची गणना मर्यादित इंग्रजीत होते, आणि भाषासेवा कुठे हव्यात हे ठरवताना हेच आकडे पाहिले जातात.

ज्यांनी आधीच ‘इंग्रजी’ लिहून दिले आहे, त्यांनी शाळेला पत्र देऊन दुरुस्तीची विनंती करावी आणि मुलाचे इंग्रजी तपासून घ्यावे.