ठणका थांबलाय, तरी रूट कॅनाल? माझ्या तीन दाढांचा हिशेब

तुम्ही लिहून विचारलंत ते थोडक्यात असं: खालची डावी दाढ तीन रात्री ठणकली, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या पाच दिवस घेतल्या, आता काहीच दुखत नाही. गावातले दातांचे डॉक्टर म्हणतात रूट कॅनाल करा (म्हणजे दात ठेवून आतली नस साफ करायची आणि पोकळी भरायची), सासूबाई म्हणतात काढून टाका, आणि तुम्हाला वाटतंय की दुखत नाही तर कशाला हात लावायचा. शिवाय करायचंच तर गावात की पुण्याला, हाही प्रश्न आहेच. ताई, मी डॉक्टर नाही. पण तीन दाढा घेऊन त्या खुर्चीत बसलोय. एक गमावली, एक दोनदा करावी लागली आणि एक सरळ झाली.

आधी त्या 'दुखत नाही'चं बघू. दुसऱ्या रात्री गार पाण्याची गुळणी धरली की बरं वाटायचं आणि चहाने कळ जायची, असं तुम्ही लिहिलंय. माझंही तंतोतंत हेच होतं. नस दाताच्या आत कडक भिंतींमध्ये कोंडलेली असते. ती सुजली की फुगायला जागा नसते. आडवं झालं की तिकडचा रक्ताचा दाब वाढतो, म्हणून ही दुखणी रात्रीच जोर धरतात. पुढे नस मरते आणि ठणका थांबतो. श्रेय मात्र गोळ्यांना जातं! मेलेल्या नसेपर्यंत रक्त पोचत नाही, मग रक्तातून जाणारं अँटिबायोटिक तिथे कुठून पोचणार? आतले जंतू सावकाश मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. मग कधीतरी एक्स-रेत मुळाशी काळी सावली दिसते, हिरडीवर पुळी येते, नाहीतर ऐन लग्नघरात गाल टम्म फुगतो. सूज जबड्याखाली उतरली, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं. तिथे लवंगेचं तेल लावत बसायचं नाही.

सासूबाईंचा सल्ला कधीकधी बरोबरही असतो. दाताचा वरचा भाग जवळजवळ उरलाच नसेल, मूळ उभं चिरलं असेल, दात हलत असेल किंवा ती अक्कलदाढ असेल, तर काढलेलीच बरी. पण चावायची चांगली दाढ काढली की शेजारच्या दाढा त्या खिंडारात कलतात आणि समोरची दाढ हळूहळू खाली-वर सरकते. (दाढ काढल्याने डोळे अधू होतात, हे मात्र डोक्यातून काढून टाका.)

आता माझी पहिली दाढ, 2009 सालची. रूट कॅनाल छान झालं, दुखणं गेलं. डॉक्टरांनी कॅप, म्हणजे दाढेवरची टोपी, बसवायला आठ-पंधरा दिवसांनी बोलावलं होतं. त्याच महिन्यात मुलीची कॉलेजची फी भरायची होती, आणि दाढ तर चालत होती. म्हटलं, बघू दिवाळीनंतर. संक्रांतीला शेंगदाण्याची चिक्की खाताना कट्कन आवाज आला. आधी वाटलं चिक्कीचाच तुकडा. जीभ फिरवली तर दाढेचे दोन भाग वेगवेगळे हलत होते. चीर हिरडीच्या खाली गेलेली, वाचवायला काही उरलंच नव्हतं. कीड आणि उपचार मिळून दाढ आतून पोकळ झालेली असते, चावताना तिच्या भिंती फाकतात. म्हणून मागच्या दाढांना कॅप हवीच. पुढच्या दातांना दरवेळी लागतेच असं नाही. आता तिथे ब्रिज, म्हणजे शेजारच्या दाढांवर टेकवलेली नकली दाढ, आहे, आणि त्यासाठी शेजारच्या दोन धडधाकट दाढा घासाव्या लागल्या. कॅपचे वाचवलेले पैसे असे तिप्पट गेले.

दुसरी दाढ वरची. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, पण गालाकडच्या पुढच्या मुळात बऱ्याचदा दोन कॅनाल, म्हणजे नसेच्या नळ्या, असतात, म्हणजे एकूण चार. हा चौथा इतका बारीक असतो की सहज सुटतो. माझा सुटला. दोन वर्षांनी हिरडीवर पुळी आली. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि स्वतःहून म्हणाले, हे मायक्रोस्कोपवालं काम आहे, एंडोडॉन्टिस्टकडे, म्हणजे रूट कॅनालच्या खास डॉक्टरांकडे, जा. मला राग आला नाही, उलट विश्वास वाढला. कारण गावातच करू की पुण्याला जाऊ, या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर तेच आहे: कोणती केस आपली नाही हे ज्यांना कळतं, ते डॉक्टर गावातलेही चालतात. खालच्या दाढेत बहुधा तीन कॅनाल असतात, कधीकधी चार. नेहमीची केस असेल तर पुण्याच्या खेपा कशाला? पुष्कळ गावांत ठरलेल्या वारी एंडोडॉन्टिस्ट येतातही, त्यांची वेळ मागून घ्या. आणि डॉक्टरांना तीन गोष्टी बिनधास्त विचारा: कॅनाल किती सापडले, रबर डॅम (दाढेभोवती ताणायचा रबराचा पडदा) लावणार का, आणि भरून झाल्यावरचा एक्स-रे दाखवाल का. आत भरलेलं मुळाच्या टोकापर्यंत गेलंय की मध्येच थांबलंय, हे समजावून दिलं तर आपल्यालाही दिसतं.

तिसरी 2023 ची, खालचीच, तुमच्यासारखी. इंजेक्शननंतर अर्धा ओठ आणि अर्धी जीभ जड होते. नस भडकलेली असताना कधीकधी खालचं इंजेक्शन पुरेसं लागत नाही. कळ आली तर सोसू नका, डावा हात वर करा, आणखी देतात. मग हिरवं रबर ताणून फक्त ती दाढ बाहेर ठेवतात, म्हणजे औषध घशात जात नाही. ओठाला एक आकडा अडकवतात आणि बारीक सुई आत गेली की मशीन पीं पीं करतं. आपण घाबरतो, पण ते फक्त मुळाची लांबी मोजत असतं. नस 'ओढून' वगैरे काही काढत नाहीत, बारीक फाइलींनी खरवडतात आणि मधूनमधून औषधाने धुतात. फरशी पुसायच्या ब्लीचसारखा वास येतो, कारण ते जवळपास तेच असतं. मला इंजेक्शनच्या टोचणीपेक्षा सव्वा तास तोंड उघडं ठेवायचाच त्रास जास्त झाला. नंतर दोन-तीन दिवस चावताना दुखलं, ते चालायचंच.

खर्च माझा तेव्हा असा आला: रूट कॅनाल 4,500 रुपये आणि झिर्कोनियाची (दाताच्या रंगाच्या मजबूत सिरॅमिकची) कॅप 7,000 रुपये. धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप स्वस्त पडते, मागच्या दाढेला तीही चालते. ओढाताण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. विद्यार्थी करतात, वर सर तपासतात. खेपा जास्त होतात, पैसे बरेच कमी लागतात.

शुगर, बीपी किंवा रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आधीच सांगा आणि ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका. जाताना पोटभर जेवून जा, बधिरपणा उतरायला दोन-तीन तास लागतात. मी शेवटच्या वेळी घरी पोचल्या पोचल्या चहा-खारी खाल्ली आणि स्वतःचाच ओठ चावला. दाढ दोन दिवसांत शांत झाली, ओठ आठवडाभर झोंबत होता.