‘फोरेल्स्केत’ हे नाम नव्हे

“‘फोरेल्स्केत’ हे नॉर्वेजियन भाषेत प्रेमात पडतानाच्या पहिल्या धुंदीचे नाव आहे असे वाचले; मग ‘मला फोरेल्स्केत झाले’ असे म्हणावे का?” असे एका वाचकाने विचारले आहे. म्हणू नये. ‘भाषांतर न होणाऱ्या शब्दां’च्या याद्या हा शब्द बिनदिक्कत नाम म्हणून खपवतात, याची मला मनापासून चीड येते. हे नाम नसून ‘फोरेल्स्के’ या क्रियापदाचे भूतकाळवाचक धातुसाधित विशेषण आहे, आपल्या ‘प्रेमात पडलेला’ याच्या जातीचे. ‘याय एर फोरेल्स्केत इ दाय’ म्हणजे ‘मी तुझ्या प्रेमात आहे’. डॅनिशमध्ये रचना हीच, फक्त शेवटचा ‘त’ मऊ होतो. आपल्यासारखा लिंगभेद त्यात नाही, पण अनेकवचनी नामापूर्वी ‘फोरेल्स्केदे’ होते. धुंदीला ‘फोरेल्स्केल्से’ हे रीतसर नाम आहेच.

यातल्या ‘फोर’चा अर्थ ‘आधी’ असा लावून ‘प्रेमाच्या आधीची अवस्था’ शोधणाऱ्यांचे म्हणणे तर साफ चुकीचे आहे. सुमारे 1360 पासून नॉर्वेतल्या बर्गन बंदरात हान्सा, म्हणजे उत्तर जर्मन शहरांच्या व्यापारी संघाच्या, व्यापाऱ्यांची वखार होती. त्या काळात ‘खालची जर्मन’ म्हणजे उत्तर जर्मनीतल्या सखल भागाच्या बोलीतून जे शब्द आणि उपसर्ग उत्तरेकडे आले, त्यांतलाच हा एक. जर्मन ‘फेरलीब्ट’मधला ‘फेर’ त्याचा सख्खा भाऊ असून, एखाद्या अवस्थेत शिरणे हा भाव तो क्रियापदाला देतो.

खरा आनंद उरलेल्या ‘एल्स्के’त आहे. प्राचीन नॉर्समध्ये, म्हणजे नॉर्वेजियन-डॅनिशच्या पूर्वज भाषेत, ‘एल्स्कर’ म्हणजे जीव जडलेला, आणि ‘एल्स्का’ म्हणजे प्रेम करणे. या शब्दांचे मूळ ‘अला’, म्हणजे पोसणे, वाढवणे, या धातूत आहे हे मत मला पूर्ण पटते. पुढच्या प्रत्ययातल्या ‘इ’मुळे आधीच्या ‘अ’चा ‘ए’ होणे हा नॉर्समधला नेहमीचा ध्वनिबदल आहे, त्यामुळे व्युत्पत्ती अनिश्चित म्हणून हात झटकणाऱ्या अभ्यासकांची सावधगिरी मला अनाठायी वाटते. ‘आले’ हे क्रियापद नॉर्वेजियनमध्ये आजही गुरे वाढवण्यासाठी वापरतात, आणि लॅटिन ‘अलेरे’ म्हणजे पोसणे हे त्याच कुळातले, ज्यातून ‘अलुम्नस’ म्हणजे पोसलेले मूल हा शब्द आला. आपल्याकडे ‘लळा’ आणि ‘लालन’ एकाच धातूचे आहेत: ज्याला वाढवावे त्याचाच जीव लागतो, आणि ‘एल्स्के’त मला नेमके तेच दिसते.