अ‍ॅस्परॅजिन बदलल्यावर एफएसएच रिसेप्टरचं बाइंडिंग गेलं, तर 'साखर हार्मोनला धरते' असं थिसिसमध्ये लिहावं का?

नका लिहू. तुम्ही एफएसएच या प्रजननाच्या हार्मोनला बांधणाऱ्या रिसेप्टर प्रथिनात साखर जोडली जाते त्या जागांवरची अ‍ॅस्परॅजिन ही अमिनो आम्लं बदलून ग्लुटामिन केलीत आणि बाइंडिंग, म्हणजे हार्मोनचं रिसेप्टरला बांधलं जाणं, शून्यावर आलं. त्यावरून एवढंच कळतं की साखरेशिवाय तयार झालेला रिसेप्टर कामाचा नाही. साखर हार्मोनला हात लावते का, हे त्या प्रयोगाने विचारलेलंच नाही. याच एका वाक्यावरून मी पीएचडीभर माझ्या गाइडशी भांडले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं काम एलएच या दुसऱ्या प्रजनन-हार्मोनच्या रिसेप्टरवर होतं. वेस्टर्न ब्लॉटवर (यात प्रथिनं आकारानुसार वेगळी होतात, लहान ती खाली) दरवेळी दोन बँड यायचे. वरचा रुंद आणि धुरकट, खालचा बारीक आणि ठसठशीत. गाइडचं मत ठाम होतं: खालचा म्हणजे तुटलेला रिसेप्टर, प्रोटिएज इन्हिबिटर (प्रथिन तोडणारी एन्झाइम रोखणारं रसायन) वाढव. मी वाढवत गेले, बँड काही जाईना. लॅब मीटिंगमध्ये 'लायसेट (पेशी फोडून केलेला अर्क) नीट करायला शीक' हेही सगळ्यांदेखत ऐकून घेतलं. मग त्याच लायसेटचे तीन भाग केले. एक तसाच ठेवला, एकात फक्त कच्ची साखर कापणारं एन्डो-एच हे एन्झाइम घातलं, एकात सगळी साखर काढणारं पीएनगेज-एफ, आणि शेजारशेजारच्या लेनमध्ये चालवले. एन्डो-एचने वरच्या बँडला काही झालं नाही, खालचा मात्र आणखी खाली उतरला. पीएनगेज-एफच्या लेनमध्ये दोन्ही बँड एकाच उंचीवर येऊन मिळाले. खालचा तुटका तुकडा असता, तर सगळी साखर काढल्यावरही तो लहानच राहिला असता. म्हणजे प्रथिन तेच आणि लांबीही तीच. खालच्यावर अजून मॅनोज या शर्करेची कच्ची साखळी होती, गॉल्जी या पेशीतल्या पुढच्या टप्प्यात जाऊन तिच्यावर पुढचं काम व्हायचं बाकी होतं. आम्ही ज्याला कचरा म्हणत होतो, तो एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये (पेशीत प्रथिनं घडतात त्या जागी) अडकलेला अर्धवट रिसेप्टर होता.

साखरेचं खरं काम तिथेच चालतं. रिबोसोममधून प्रथिन बाहेर येत असतानाच १४ शर्करांची साखळी एकगठ्ठा जोडली जाते. टोकाच्या तीन ग्लुकोजपैकी दोन छाटले गेले की उरलेल्या एकाला कॅल्नेक्सिन आणि कॅलरेटिक्युलिन ही मदतनीस प्रथिनं धरून ठेवतात आणि ईआरपी५७ या एन्झाइमला प्रथिनातले डायसल्फाइड बंध जुळवायला वेळ मिळतो. शेवटचा ग्लुकोज निघाल्यावरही घडी (प्रथिनाचा योग्य आकार) बसलेली नसेल, तर यूजीजीटी हे एन्झाइम पुन्हा एक ग्लुकोज लावून प्रथिनाला परत त्याच फेऱ्यात पाठवतं. स्लॅबच्या सेंटरिंगसारखं आहे हे. काँक्रीट ओलं असताना काढलं तर स्लॅब खाली येतो, पक्कं झाल्यावर काढलं तर त्याला काहीही होत नाही. तुमच्या म्युटेशनने सेंटरिंग लागूच दिलं नाही.

सेगॅलॉफ या संशोधकांच्या गटाने १९९५ मध्ये रॅटच्या एफएसएच रिसेप्टरवर साखर मुळातच न लागणं आणि नंतर काढणं यातला फरक दाखवून दिला आहे. तीन संभाव्य जागांपैकी दोनच वापरल्या जातात. त्यातली कुठलीही एक शिल्लक असली तरी भागतं, दोन्ही गेल्या की बाइंडिंग जातं. पण पूर्ण तयार झालेल्या रिसेप्टरवरची साखर एन्झाइमने काढली, तरी हार्मोन बांधलं जातंच. आणि म्युटेशनमध्ये साखरेबरोबर अमिनो आम्लही बदलतं, हे लोक सोयीस्कर विसरतात. याच गटाने १९९७ मध्ये एलएच रिसेप्टरवर साखर जोडणंच ट्युनिकामायसिन या रसायनाने बंद केलं, तरी रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर आला, हार्मोन बांधलं, सिग्नलही दिला. हे समोर असताना आमच्या अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये 'बाइंडिंगसाठी शर्करा अत्यावश्यक' हे वाक्य हवंच होतं. मी ते काढायला लावलं, आणि बरोबर केलं.

तुम्ही आता अखंड पेशींबरोबर डिटर्जंटने काढलेल्या अर्कातही बाइंडिंग बघा. अर्कात मिळालं, तर रिसेप्टरची घडी बसली आहे, तो फक्त आत अडकलाय. दोन्हीकडे नाही मिळालं, तर घडीच बिघडली आहे. शिवाय साध्या, म्युटेशन नसलेल्या रिसेप्टरच्या मेम्ब्रेनवर पीएनगेज-एफ वापरून बाइंडिंग मोजा. घडी उलगडणारं एसडीएस हे डिटर्जंट घालून उकळू मात्र नका, नाहीतर रिसेप्टरच मरेल. साखर खरंच निघाली का, ते ब्लॉटवर तपासा. गाइडला आधी ब्लॉट दाखवा, वाद नंतर.

एक सांगायचं राहिलं. हे सगळ्या रिसेप्टरना सरसकट लावू नका. इन्सुलिन रिसेप्टरचं ट्युनिकामायसिन दिल्यावर जे पूर्वरूप बनतं, ते इन्सुलिन बांधत नाही आणि पृष्ठभागावरही पोचत नाही. आणि हार्मोनवरची साखर हा वेगळाच विषय आहे. एचसीजीवरची (एलएचच्याच रिसेप्टरला बांधलं जाणारं गरोदरपणातलं हार्मोन) साखर काढली तर ते रिसेप्टरला नीट बांधलं जातं, पण सीएएमपी हा पेशीच्या आतला सिग्नल फारच कमी तयार होतो. हार्मोनच्या दोन भागांपैकी अल्फा उपएककावरच्या ५२व्या अ‍ॅस्परॅजिनवरची साखळी त्यात सगळ्यात महत्त्वाची. तेव्हा पेपर वाचताना साखर कुणावरची काढली होती, हे मेथड्समध्ये आधी बघा.