फुलोरा नसलेल्या गवताची जात पानातल्या सिलिकाकणांवरून कळते का?

तुमच्याकडे गवताची नुसती पानं आहेत, फुलोरा नाही, आणि पानातल्या सिलिकाच्या कणांवरून जात सांगता येईल का, असं तुम्ही विचारलंय. गवताचा गट बऱ्याच खात्रीने सांगता येतो. नेमकी जात एकट्या पानावरून सहसा सांगता येत नाही.

गवत मुळांतून पाण्याबरोबर विरघळलेली सिलिका घेतं. पाणी पानांतून उडून जातं, सिलिका पेशीत साठून घट्ट होते आणि त्या पेशीचाच आकार घेते. सिलिकाचे हे कण म्हणजे फायटोलिथ; पान कुजलं, जळलं तरी ते टिकतात. हरळी आणि नाचणीत ते खोगिरासारखे असतात, ज्वारी आणि राळ्यात डमरूसारखे, तर गव्हात बुडाशी रुंद आणि वर निमुळते. भातातही डमरूच, पण पानाच्या शिरेला आडवे बसलेले. पान जाळून राख केली की ही मांडणी हातची जाते. म्हणून आधी पान पारदर्शक करून किंवा वरची साल सोलून कण जागेवरच बघा, असं मी आग्रहाने सांगेन. राख त्यानंतर: ५०० अंशांच्या आसपास जाळा, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवा आणि ४०० पट मोठं करून बघा. स्लाइड तेलात बनवली तर वरची काच हलकेच सरकवून कण लोळवता येतो. हे करायलाच हवं, कारण खोगीर कुशीवर पडलं की ओळखू येत नाही.

अडचण अशी, की एकाच गवतात अनेक आकार सापडतात आणि तोच आकार दूरच्या गवतांतही. खोगीर तर बांबूच्या पानातही दिसतं. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे फायटोलिथ मिळाले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या कामाने गवतांचा इतिहास डायनासोरांच्या काळापर्यंत मागे नेला. मला ही आपल्याकडची फार मोलाची गोष्ट वाटते. तिथेही कणांवरून ठरले ते गट.

जातीपर्यंत जायचं तर तूस हवं. राळा आणि चेना या दोन बारीक धान्यांची पानं फसवतात, पण तुसातल्या पेशींच्या नागमोडी कडा वेगळ्या असतात: राळ्यात ग्रीक ओमेगा (Ω) अक्षरासारख्या, चेन्यात ईटासारख्या (η). ल्यू होउयुआन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे दाखवलं. उत्तर चीनमधल्या त्सिशान या प्राचीन वस्तीच्या पेवांत धान्याची माती झाली होती, तरी त्यात चेना होता हे याच खुणेवरून कळलं.

तेव्हा त्याच माळावरची, फुलोऱ्यावरून पक्की ओळखलेली गवतं आधी गोळा करा आणि त्यांच्या स्लाइड बनवा. एकेका जातीची तीन-चार रोपं तरी घ्या, पानं आणि तुसं वेगळी ठेवा. मग तुमच्या पानातले दोनेकशे कण मोजून कुठला आकार किती येतो ते ताडून बघा. आणि घाई नसेल तर त्या गवताला फुलोरा येईपर्यंत थांबा.